परदेशातील मुक्काम आणि चालण्याचा फुटबॉल

मार्च उजाडला की आमच्या दवाखान्यात एका विशिष्ट प्रकारच्या रुग्णांची वर्दळ सुरू होते. त्यांना होत काहीच नसते. हातात पासपोर्टची झेरॉक्स असते, जुन्या चाचण्यांची फाईल असते आणि चेहऱ्यावर आनंद व धास्ती यांचे मिश्रण असते. मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी जायचे असते. ‘सहा महिन्यांची औषधे लिहून द्या’, ‘विमानात पाय सुजतील का’, ‘थंडी सोसेल का’ असे प्रश्न ठरलेले असतात. तेथे रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा आपण करणार काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. माझ्या मते रक्तदाबाच्या गोळीइतकाच तोही महत्त्वाचा आहे.

पहिले पंधरा दिवस नातवंडांच्या कौतुकात आणि शहर पाहण्यात जातात. मग मुलगा-सून कामाला, नातवंडे शाळेला, आणि घरात दोन वृद्ध जीव, एक दूरदर्शन संच व बंद खिडक्या. शेजाऱ्याचे दार वाजवण्याची तेथे रीत नाही. दिवसाकाठी पाचपन्नास शब्दही बोलले जात नाहीत. ब्रिटनमध्ये हा प्रश्न केवळ पाहुण्यांचा नाही, तेथील वृद्धांचाही आहे. २०१८ साली त्या सरकारने एकाकीपणाच्या प्रश्नासाठी एका मंत्र्याकडे स्वतंत्र जबाबदारी सोपवली, यावरून त्याचे गांभीर्य ध्यानात यावे.

आमचे एक रुग्ण आहेत. वय अडुसष्ट, कोल्हापूरचे, शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. कोल्हापूर म्हटले की बाहेरच्यांना कुस्ती आणि तांबडा-पांढरा आठवतो, पण आमच्या पेठापेठांतून फुटबॉल किती मुरलेला आहे हे शाहू स्टेडियमवर एखादा सामना पाहिल्याखेरीज कळत नाही. तालमींचे संघ आणि त्यांच्यातील ईर्ष्या यांवर येथील घरे पिढ्यान् पिढ्या वाटली गेली आहेत. हे काका तरुणपणी अशाच एका तालमीच्या संघातून उजव्या बगलेवर खेळत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवला आहे. मागील वर्षी ते आणि काकू लेकीकडे लंडनला, हॅरो भागात, सहा महिन्यांसाठी गेले.

दीड महिन्याने लेकीचा दूरध्वनी आला. ‘‘डॉक्टरकाका, बाबा दिवसभर खिडकीशी बसतात. जेवण निम्म्यावर आले आहे. दुपारी झोपतात आणि रात्री दोनला उठून येरझाऱ्या घालतात. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासले, सगळे ठीक आहे म्हणाले.’’ मी थायरॉईड आणि बी-१२ विषयी विचारून घेतले, कारण वृद्धांचे प्रत्येक मौन मनाचे असतेच असे नाही. तेही ठीक होते. मग काकांशी बोललो. ते म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, खिडकीतून वेम्बलीची कमान दिसते. साऱ्या जगाचा फुटबॉल इथे जन्मला, आणि मी इथे येऊन चेंडूला पाय लावलेला नाही.’’

त्यांचे म्हणणे इतिहासाला धरूनच होते. फुटबॉल असोसिएशनची स्थापना १८६३ साली लंडनमधील एका खाणावळीतील बैठकीत झाली आणि खेळाचे लेखी नियम तेथून पुढे जगभर गेले. आजही त्या शहरात हौशी फुटबॉलची वाण नाही. पूर्वेकडील हॅकनी मार्शेस या विस्तीर्ण मैदानावर दुसऱ्या महायुद्धानंतर बॉम्बवर्षावात पडलेल्या घरांचा राडारोडा टाकून जमीन उंच केली गेली आणि तेथे शेजारी शेजारी शंभराहून अधिक फुटबॉल मैदाने आखली गेली. आता ती संख्या कमी आहे, तरी रविवारी सकाळी तेथे हौशी संघांची झुंबड असते. पण अडुसष्ट वर्षांच्या, स्टेंट घातलेल्या पाहुण्याने खेळायचे कोठे आणि कोणाबरोबर?

पहिला प्रयत्न जावयाने केला. परदेशी शहरांत अलीकडे जाळीने वेढलेली, कृत्रिम हिरवळीची छोटी मैदाने तासाच्या भाड्याने मिळतात. संध्याकाळी कार्यालये सुटली की पाच-पाच जणांचे संघ तेथे खेळतात. एखादा गडी कमी पडला तर अनोळखी माणसालाही घेतात. जावयाच्या मित्रांना एके दिवशी गडी कमी पडला आणि काका उतरले. बाकीचे सगळे तिशीतले. दहाव्या मिनिटाला काकांनी जुन्या सवयीने बगलेवरून मुसंडी मारली आणि मांडीचा मागचा स्नायू धरला. तीन आठवडे लंगडत काढले. लेकीने बूट कपाटात कुलूपबंद केले. तिचा राग मला समजतो. वडिलांच्या छातीत कळ येऊन रुग्णवाहिका बोलवावी लागलेली रात्र तिने पाहिली होती. पण म्हणून कुलूप हा उपाय नव्हे, एवढे मला तिला सांगावे लागले.

अशा माणसांसाठी एक वेगळा खेळ त्याच देशात तयार झालेला आहे. त्याचे नाव वॉकिंग फुटबॉल, म्हणजे चालण्याचा फुटबॉल. २०११ साली इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथील क्लबच्या सामाजिक संस्थेने पन्नाशीपुढील पुरुषांसाठी तो सुरू केला. पुढे तो देशभर पसरला. नियम साधा आहे: धावायचे नाही. चेंडू पायाशी असो वा नसो, एक पाऊल सतत जमिनीला टेकलेले हवे. दोन्ही पाय उचलले गेले की पंच शिट्टी वाजवतो आणि चेंडू प्रतिपक्षाला मिळतो. तेच वारंवार घडले तर बऱ्याच ठिकाणी खेळाडूला काही मिनिटे बाहेर बसवतात. अंगाला अंग भिडवायचे नाही. बहुतेक ठिकाणी चेंडू डोक्याच्या उंचीवर जाऊ द्यायचा नसतो, त्यामुळे डोक्याने चेंडू मारण्याचा प्रश्नही उरत नाही. मैदान लहान असते आणि एका बाजूला पाच ते सात खेळाडू असतात.

वाचकांपैकी काहींना हे हास्यास्पद वाटेल. काकांनाही वाटले होते. ‘‘ही काय वरात आहे का?’’ असे ते म्हणाले. पहिल्या दिवशी त्यांच्याविरुद्ध सात वेळा शिट्टी वाजली, हे त्यांनीच मला नंतर सांगितले. धावता येत नसेल तर चेंडू कोठे येणार आहे हे आधी ओळखावे लागते, पास अचूक द्यावा लागतो, पायाखाली चेंडू थांबवण्याची कला लागते. उमेदीत ज्यांनी खेळ केला आहे त्यांच्याजवळ वेग उरत नाही, पण ही कला उरलेली असते. म्हणूनच माजी खेळाडूंना हा प्रकार, एकदा रुसवा गेला की, मनापासून आवडतो.

वैद्यकीय दृष्टीने पाहता या खेळाचे मोल केवळ चालण्याहून अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार पासष्ट वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि त्याखेरीज किमान तीन दिवस तोल व स्नायूंची ताकद यांकडे लक्ष देणाऱ्या हालचाली कराव्यात. आपले बहुतेक वृद्ध फिरायला जातात, पण तोलाचा व्यायाम करीत नाहीत. चेंडू मारताना माणूस क्षणभर एका पायावर उभा राहतो, दिशा बदलतो, थबकतो, वळतो. घरात पडून खुब्याचे हाड मोडण्याचा जो धोका आपण सारे भितो, तो कमी व्हायला याच हालचालींचा सराव लागतो. डेन्मार्कमधील पीटर क्रुस्ट्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हौशी फुटबॉलचा आरोग्यावर होणारा परिणाम बरीच वर्षे अभ्यासला आहे. तेथे प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी संप्रेरक रोखणारे उपचार घेणाऱ्या, म्हणजे ज्यांचे स्नायू झडत जातात अशा, वयस्क पुरुषांना १२ आठवडे आठवड्यातून दोन-तीनदा फुटबॉल खेळवला, तेव्हा त्यांच्या स्नायूंचे वस्तुमान वाढलेले आढळले. तो नेहमीचा फुटबॉल होता, चालण्याचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. आणि ते सारे वैद्यकीय देखरेखीखाली खेळले, हेही.

तरीही मला स्वतःला या खेळातील सर्वांत गुणकारी भाग मैदानाबाहेरचा वाटतो. खेळ संपल्यावर बहुतेक ठिकाणी चहा असतो. पुढच्या आठवड्यात आला नाहीत तर ‘का आला नाहीत’ असे विचारणारे कोणीतरी असते. उद्यानातील एकट्याच्या फेरीत हे मिळत नाही. काकांचे इंग्रजी पुस्तकी होते आणि समोरच्यांचे उच्चार त्यांना सुरुवातीस कळत नसत, पण ‘पास’, ‘गोल’ आणि ‘ऑफसाइड’ यांना भाषांतर लागत नाही. वास्तविक चालण्याच्या फुटबॉलमध्ये ऑफसाइड नसतेच. यावरूनच काकांचा तेथे पहिला वाद झाला आणि पहिली मैत्रीही.

आता जागा शोधायची कशी, हे मुलामुलींसाठी सांगतो, कारण हे काम त्यांनाच करायचे आहे. लंडनचे एक शहर म्हणून दडपण घेऊ नये. ते बत्तीस बरोंमध्ये, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या विभागांमध्ये, वाटलेले आहे. जुन्या ‘सिटी’चा कारभार वेगळा. आपल्या विभागाच्या क्रीडा केंद्रात जाऊन पन्नाशीपुढील लोकांसाठी कोणते उपक्रम आहेत, असे विचारावे. दुसरा मार्ग मोठ्या क्लबांचा. ज्यांची नावे आपण दूरदर्शनवर ऐकतो अशा अनेक व्यावसायिक क्लबांच्या सामाजिक संस्था आहेत आणि त्यांपैकी कित्येक वृद्धांसाठी चालण्याचा फुटबॉल भरवतात. फुटबॉल असोसिएशनच्या संकेतस्थळावर आपला पोस्टकोड टाकून जवळचे खेळ शोधण्याची सोय आहे. वृद्धांसाठी काम करणाऱ्या ‘एज यूके’च्या स्थानिक शाखांकडेही चौकशी करावी, काही शाखा हा खेळ स्वतः चालवतात. वाचनालयातील सूचनाफलक हे अजूनही उत्तम साधन आहे, आणि तेथे गेल्याने वाचनालयही सापडते.

जागा निवडताना मी पहिला निकष लावीन तो अंतराचा. लंडनमध्ये राहणाऱ्या साठीपुढील रहिवाशांना प्रवासात सवलतीचे कार्ड मिळते, पाहुण्यांना नाही. दोनदा गाडी बदलून जावे लागेल असे उत्तम मैदान चार आठवड्यांत सुटते. एका बसच्या टप्प्यातील साधे मैदान टिकते. दुसरा निकष वेळेचा. हे खेळ पुष्कळ ठिकाणी दिवसा असतात आणि ते बरेच, कारण डिसेंबरात तेथे दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. तिसरा निकष स्वच्छतागृहाचा. हा विषय काढायला आपल्याकडे संकोच वाटतो, पण प्रोस्टेटच्या त्रासामुळे कित्येक काका बाहेर जाण्यापूर्वी पाणीच पीत नाहीत आणि मग खेळताना चक्कर येते. मैदानाजवळ स्वच्छतागृह कोठे आहे हे पहिल्या दिवशी पाहून ठेवावे आणि पाणी प्यावे. पहिल्या दिवशी खेळू नये, नुसते बघावे. संयोजकाशी बोलावे, आजाराची माहिती द्यावी. ‘सांगितले तर घेणार नाहीत’ ही भीती बाळगू नये. तेथे येणाऱ्यांपैकी अनेकांच्या खिशात आपल्यासारख्याच गोळ्या असतात.

काकांना परवानगी देण्यापूर्वी मी काही अटी घातल्या होत्या. त्या इतरांनाही लागू आहेत. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी भारत सोडण्यापूर्वीच हृदयरोगतज्ज्ञांना ‘मी तेथे खेळलो तर चालेल का’ असे स्पष्ट विचारावे आणि त्यांनी सांगितल्यास ताणचाचणी करून घ्यावी. छातीत नव्याने दुखत असेल, जिना चढताना अलीकडे धाप लागत असेल, रक्तदाब ताब्यात नसेल, तर खेळाचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. काका मेटोप्रोलॉल घेतात. अशा औषधांनी श्रमात नाडी एरवीइतकी वाढत नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातील आकड्यांवरून श्रमाचा अंदाज घेणे फसवे ठरते. त्यांच्यासाठी सोपी कसोटी अशी: खेळताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. बोलणेही जमेनासे झाले की थांबावे.

सुरुवातीची दहा मिनिटे अंग मोकळे करण्यात घालवावीत. वयस्क खेळाडूंच्या पोटऱ्या, टाचेमागची शीर आणि मांडीचा मागचा स्नायू थंड हवेत पटकन दुखावतो. हृदयाच्या रुग्णांना थंड वारा छातीवर घेतल्यानेही कळ येऊ शकते, म्हणून हिवाळ्यात तोंडावरून मफलर घ्यावा आणि जिभेखालची गोळी खिशात असावी, घरी पिशवीत नव्हे. मधुमेहींनी, विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, उपाशीपोटी जाऊ नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे आणि घरी आल्यावर मोजे काढून तळपाय नीट पाहावेत. ज्या पायांना फोड आल्याचे कळत नाही, त्या पायांवर नवा बूट फार घातक ठरतो.

बुटाचे म्हणाल तर कृत्रिम हिरवळीवर लांब खिळ्यांचे बूट नकोत. त्यांत पाऊल अडकते आणि गुडघा मात्र वळतो. तळाला पुष्कळ छोट्या रबरी गाठी असलेले बूट त्या हिरवळीसाठीच मिळतात. गुडघ्याची झीज झाली आहे म्हणून खेळ वर्ज्य, असे मी म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गुडघा पूर्ववत झाला तर झालेला श्रम सोसला, असे समजावे. सूज राहिली तर पुढच्या वेळी निम्माच वेळ खेळावे. आणि सैल कवळी काढून ठेवावी. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांच्या बाबतीत मी अधिक कडक आहे. वॉरफरिन किंवा तत्सम औषध चालू असताना डोक्यावर पडल्यास, वरून काही दिसत नसले तरी, रुग्णालयात दाखवलेच पाहिजे. अशा रुग्णांनी आपल्या डॉक्टरांचा होकार घेतल्याखेरीज मैदानात उतरू नये. नुसत्या ॲस्पिरिनवर असलेल्यांना एवढे बंधन नाही.

अनर्थ घडल्यास काय करावे, हे घरातील प्रत्येकाला माहीत असावे. छाती आवळणे, जबड्यात वा हातात कळ, थंड घाम, भोवळ यांपैकी काहीही झाले की जागच्या जागी बसावे आणि सोबत्यांनी ९९९ वर दूरध्वनी करावा. तातडीचे नसेल तर १११ वर सल्ला मिळतो. हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र तेथे अनेक क्रीडा केंद्रांत भिंतीवरील पेटीत असते. ते कोठे आहे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. खर्चाबाबत गैरसमज पुष्कळ आहेत. इंग्लंडमध्ये तातडीच्या विभागातील उपचारांचे पैसे पाहुण्यांकडूनही घेत नाहीत, पण रुग्णालयात दाखल झाल्यावर पुढील उपचारांचे बिल येते आणि आपल्यासारख्यांना ते तेथील ठरावीक दराच्या दीडपट लागते. म्हणून प्रवासविमा घेताना आधीच्या आजारांना तो लागू आहे का, आणि हौशी खेळातील दुखापत त्यात धरली आहे का, हे दोन्ही वाचून घ्यावे. स्टेंटची गोष्ट विम्याच्या अर्जात लपवणे म्हणजे विमा न घेण्यासारखेच आहे.

औषधांच्या चिठ्ठीवर व्यापारी नावांसोबत मूळ औषधांची नावे लिहून घ्यावीत. ‘इकोस्प्रिन’ म्हणून तेथे कोणास काही कळणार नाही, ‘ॲस्पिरिन ७५’ म्हटले की कळेल. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधे एकत्र करून मिळतात, त्यांतील अनेक जोडगोळ्या तेथे मिळत नाहीत.

काकांच्या लेकीने अखेर बूट बाहेर काढले, ते काकांच्या तज्ज्ञांचा निरोप आल्यावर. ती पहिले तीन आठवडे सुट्टी टाकून मैदानाच्या कडेला उभी राहिली. चौथ्या आठवड्यात वडिलांनीच तिला घरी बसवले. जेवण पूर्वपदावर आले आणि रात्रीच्या येरझाऱ्या थांबल्या. वजन आणि साखर यांत विशेष फरक पडला नाही, हेही नमूद करतो, कारण प्रत्येक गोष्टीने साखर उतरते असे सांगण्याची आजकाल साथ आली आहे.

राहता राहिल्या काकू. स्त्रियांसाठीही चालण्याच्या फुटबॉलचे गट आहेत आणि काही ठिकाणी दोघे एकत्र खेळतात, पण काकूंना त्यात रस नव्हता. ‘घरातला माणूस रमला म्हणजे आपणही रमलो’ असे आपल्याकडे बायकांच्या बाबतीत गृहीत धरतात. मी लेकीला आईविषयी मुद्दाम वेगळे विचारले. डॉलिस हिल भागात १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, हॅरोपासून फार दूर नाही. त्या तेथे जाऊ लागल्या. यंदा दोघे पुन्हा जात आहेत. काकांनी बूट येथूनच घेतले आहेत, आणि ते पायांत मुरावेत म्हणून मी त्यांना जाण्यापूर्वी पंधरा दिवस रोज अर्धा तास घरात घालून वावरायला सांगितले आहे.